सशाची वाट

माझ्या घरमालकिणीला गावात कुणी एका वाटेवर दोनदा पाहिलं नव्हतं. सकाळी हातपंपावर जाताना ती देवळावरून जायची, आणि परतताना डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन लोकांच्या गोठ्यांमागून, परसांतून, कधी कुणाच्या न्हाणीच्या आडोशाला घासून यायची. बायका ओरडायच्या, "वं बाई, रस्ता दिसत नाई का तुले?" ती न थांबता म्हणायची, "रस्ता तुमाले ठेवला." घरातही तेच. आज चुलीजवळ जेवली तर उद्या दारात, परवा ओट्यावर. झोपायची जागाही बदलायची. नवऱ्याबद्दलची गोष्टसुद्धा ती दोनदा सारखी सांगत नसे. एकदा त्याला वाघानं नेलेलं असे, एकदा तो नागपूरला दुसरा संसार थाटून असे. खरं म्हणजे तो चंद्रपूरच्या दवाखान्यात साध्या तापानं गेला होता. हे मला आमच्या बीटवरच्या वनमजुरानं सांगितलं.

मी वनरक्षक म्हणून लागले तेव्हा पहिली नेमणूक मोहर्लीच्या बाजूच्या त्या गावात झाली. क्वार्टर रिकामं नव्हतं. गावाच्या शेवटच्या घरात एक खोली आहे, असं त्याच वनमजुरानं सुचवलं. शेवटचं म्हणजे खरोखर शेवटचं. घरामागे काट्यांचं कुंपण घातलेली सांदवाडी, तिच्यामागे धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की लगेच साग. मी भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली. भोंग्यावर उठायचं, दिव्याखालून घरी यायचं, एवढंच मला ठाऊक. जंगल पाहिलं होतं ते शाळेच्या सहलीत, जिप्सीत बसून.

मी पेटी घेऊन पोचले तेव्हा ती ओट्यावर बसून मांडीवर अंबाडीचा वाख वळत होती. बारीक, लांब, चिवट दोरी तिच्या पायाशी वेटोळं करून पडली होती. तिनं मला खालून वर पाहिलं.

"तू जंगलवाली?"

"हो. वनरक्षक."

"भेव लागते?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सांदवाडीत काहीतरी धपकन पडलं. मी एका उडीत उंबऱ्याच्या आत. ते पिकलेलं पपईचं फळ होतं.

"ठेव सामान," ती म्हणाली. भाड्याचं नावही काढलं नाही.

त्या दिवसांत मला खरंच फार भीती वाटायची. दिवस कलला की बांध्यांच्या पलीकडून भेकर ओरडायचं आणि माझ्या हातातली पोळी तव्यावरच राहायची. आईला फोन लावायचा तर रेंजसाठी चिंचेखाली जावं लागे, आणि चिंच अंधारात असायची. दोन खोल्यांमध्ये कुडाची भिंत होती. पलीकडून ती विचारायची, "रडून राह्यली का वं?" मी "नाही" म्हणायचे. "बरं," ती म्हणायची, आणि लगेच घोरायला लागायची. मला तिचा राग यायचा. बाई किती कोरडी आहे, असं वाटायचं.

कामाच्या ठिकाणीही माझं काही खरं नव्हतं. जंगलात लोक फासे लावतात. ससा, भेकर, चितळ मिळेल या आशेनं मोटरसायकलची क्लच वायर झुडपात अडकवून ठेवतात, आणि त्यात कधी बिबट्याही सापडतो. हे फासे शोधून काढणं हे आमचं नेहमीचं काम. बाकीची पोरं झोळीभर वायरी घेऊन यायची आणि मी रिकाम्या हातानं. मी त्याच झुडपांवरून गेलेली असायचे, ज्यात त्यांना मिळायच्या.

ती रोज संध्याकाळी ओट्यावरून विचारायची, "सापडलं का काही?"

"नाही."

"सापडन कसं? तू पायतेस उभ्यानं. ससा का उभ्यानं चालते?"

एके दिवशी तिनं मला हाताला धरून सांदवाडीत नेलं आणि कुंपणापाशी खाली पाडलं. पाडलं म्हणजे खरंच पाडलं. खांद्यावर हात ठेवून दाबलं, आणि माझा गाल मातीला टेकला.

"आता पाह्य."

आधी नुसते काटे दिसले. मग हळूहळू काट्यांच्या बुडाशी एक गोल भगदाड दिसू लागलं. त्याच्या कडेचे काटे मोडून गुळगुळीत झालेले, खालची माती चोपलेली, जवळ वाटाण्याएवढ्या सुक्या लेंड्या.

"हे त्याचं दार," ती म्हणाली. "मांगं लाखोरी पेरतो आमी धान निघाल्यावर. तिचे कोंब खायाले येते तो. येते इथून आन जाते बी इथूनच. धुऱ्याचा बांध सोडून आडवा जानार नाई. दवात पोट भिजलेलं त्याले आवडत नाई. फासा काढाले शिकाचं असन, तर लावाले शिकल्याशिवाय जमत नाई पोरी."

"बाई, ससा धरणं गुन्हा आहे. मीच धरला तर मलाच आत टाकतील."

"सशाले कोन म्हनते? कोंबडीले लावू."

असं आमचं शिक्षण सुरू झालं. ड्यूटीवरून आले की सांदवाडीत. मूठ जमिनीवर ठेवायची, अंगठा वर करायचा, तेवढ्या उंचीवर फाशाचा खालचा काठ. फासा एकटा लावायचा नाही. दोन्ही बाजूंना वाळक्या काटक्या अशा टोचायच्या की त्याला आपोआपच मध्ये यावंसं वाटेल. दोरीला मध्येच एक गाठ मारायची, म्हणजे फासा एका मापापलीकडे आवळत नाही. "जीव जाऊ नये, नुसता अडकला पायजे," ती म्हणायची. आणि हात निंबाच्या पाल्यानं चोळायचे. माझे हात ती हुंगून बघायची आणि नाक मुरडायची. "पावडर लावून आली. तुह्या फाशात नवरदेव सापडन, ससा नाई."

ती सांगायची ते सगळंच खरं होतं असं नाही. ससा पौर्णिमेला डोळे मिटून चालतो, असं तिनं मला शपथेवर सांगितलं होतं. बढाया तर विचारूच नका. चालत्या ट्रकलासुद्धा मी फासा लावला असता, म्हणायची. पण दोरी हातात आली की तिची बडबड थांबायची. ओठ आत ओढले जायचे आणि बोटं पोरीबाळींच्या बोटांसारखी चालायची.

पहिल्यांदा माझ्या फाशात तिची तलंग कोंबडी अडकली. दुसऱ्यांदा आमचे राऊंड ऑफिसर.

ते कसल्याशा कामासाठी मला बोलवायला आले होते. पुढचं फाटक सोडून ते नेहमी सांदवाडीच्या फटीतून यायचे, कारण त्यांची गाडी त्या बाजूला उभी राहायची. मी फासा त्याच फटीत लावून काढायची विसरले होते. मोठा आवाज झाला. आम्ही बाहेर आलो तर साहेब एका पायावर, दुसरा बूट दोरीत, हातांनी पपईचं झाड धरलेलं.

"हे काय आहे?" ते ओरडले.

मी दाराच्या आड सरकले. बाईनं मात्र टाळी वाजवली. लहान मुलगी वाजवते तशी, हात छातीशी घेऊन. "सापडला वं! तुह्या हातानं सापडला!" मग साहेबांकडे वळून एकदम समजुतीच्या सुरात, "साहेब, तुमी रोज उजवाच पाय पयले टाकता. थोडं बदलत राह्याचं."

साहेब आधी रागावले. मग त्यांनी बूट सोडवायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना, आणि बाईनं तो एका झटक्यात सोडवला तेव्हा त्यांना हसू फुटलं. चहा पिऊन गेले. जाताना पुढच्या फाटकातून गेले.

त्यानंतर आठवडाभरातच मला जंगलात माझी पहिली वायर सापडली. रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, जाळीत मी सवयीनं खाली वाकले, गाल मातीला टेकवला, आणि दोन खोडांमध्ये ते गोल दार दिसलं. त्याच्या मधोमध बारीक चमक. वायर सोडवून मी झोळीत टाकली. मग सापडतच गेल्या. पोरं मला बोलावून न्यायला लागली. जंगल म्हणजे एक अंधाराची भिंत असं जे मला वाटायचं, त्यात आता दारं दिसायला लागली होती. कोण कुठून येतं, कुठे जातं ते कळायला लागलं होतं. कळलं की भीती कमी होते. चिंचेखाली अंधारात उभं राहून मी आईशी गप्पा मारू लागले. भेकर ओरडलं तर पोळी उलटत राहायचे. कुडापलीकडून "रडून राह्यली का" असं विचारणं बंद झालं. मला वाटलं, तिलाही बरं वाटत असेल.

हिवाळ्यात मला आतल्या संरक्षण कुटीवर राहायला पाठवलं. बरेच दिवस तिकडेच होते. परत आले ती पायी, बांध्यांच्या बाजूनं. लाखोरी हिरवीगार उगवली होती. धुऱ्याच्या टोकाशी, जिथून साग सुरू होतो, तिथे मी सवयीनं वाकले. दोन बाजूंना वाळक्या काटक्या टोचलेल्या. मध्ये फासा. वायर नव्हे, अंबाडीची दोरी. आणि तिच्या मध्ये ती गाठ.

ती गाठ मी त्या गावात आणखी कुणाच्या हातची पाहिली नव्हती.

घरी आले तर ती चुलीपुढे भात शिजवत होती. कोपऱ्यात कोंबड्यांचं डालं पालथं घातलेलं, वर दगड. कोंबड्या तर अंगणात फिरत होत्या. मी डालं जरासं उचललं. आत ससा होता. कान पाठीला चिकटवून, एवढासा होऊन बसलेला. समोर लाखोरीचा पाला, वाटीत पाणी. त्याची सगळी कूस धडधडत होती.

"बाई, हे काय?"

"ससा."

"ते दिसतंय मला. काऊन धरला?"

"मारत नाई मी. खात बी नाई. उद्या सोडते. मंग दुसरा धरते."

"सोडायचा तर धरायचा कशाला?"

ती भात ढवळत राहिली.

मी वनरक्षक होते. हे घरात ठेवून गप्प बसणं मला शक्य नव्हतं, आणि केस करायला हातही उचलेना. शेवटी साहेबांना फोन केला. ते आले. डालं पाहिलं, तिला पाहिलं, ओट्यावर बसले. मग उठून तिच्या समोर उभे राहिले.

"बाई, या वेळी समज देतो. पुन्हा दिसलं तर मले केस करावीच लागेल. तुमच्या वयाले पाहून सोडणार नाई. दोरी आणा."

ती आत गेली आणि दोरीची सगळी वेटोळी घेऊन आली. सगळी, कारण ती आणायला तिला पुन्हा पुन्हा आत जावं लागलं. साहेबांनी ती चुलीत घालायला सांगितली. अंबाडी भुरकन पेटते. ती तशीच उभी राहून बघत होती. पापणीही लवली नाही.

ससा सोडायला आम्ही दोघी धुऱ्यावर गेलो. तिनं त्याला छातीशी धरून आणलं होतं आणि अलगद खाली ठेवलं. तो पळेना. तसाच बसून राहिला, दगडासारखा. मी टाळी वाजवली, तरी हलेना.

"त्याच्याकडे पायत राह्यलं का तो नाई जात," ती म्हणाली आणि पाठ फिरवली. मीही फिरवली. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा तिथे नुसती लाखोरी होती.

परतताना, मी काही विचारलं नसताना, ती बोलली.

"घरात आपल्यापेक्षा जास्त भेलेलं कोनी असलं ना, का आपल्याले भेव नाई लागत."

मी थांबले. ती चालत राहिली, माझ्याकडे न बघता.

"मालक होता तवा तो भेत होता. पोरगं लहान होतं तवा ते भेत होतं. कुत्रं पाळलं तर बिबट्यानं नेलं, दुसरं पाळलं तर तेबी नेलं. आन कुत्रं भुकते, आपल्यालेच भेव घालते. ससा बरा. बोलत नाई, नुसता धडधडते. रातच्याले त्याचं ऐकत पडलं का झोप लागते." मग जरा वेळानं, "तू आली तवा मी सोडलं होतं ससे धरनं. तू लय भेत होती. भल्ली झोप लागत होती मले."

मला एकेक गोष्ट आठवत गेली. तिचा पहिला प्रश्न, कुडापलीकडचं घोरणं. आणि तिनंच मला जमिनीवर पाडून, गाल मातीला टेकवून, माझी भीती काढून टाकली होती. आपण हे काय करतोय ते तिला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. शिकवायला लागली की तिला थांबता येत नसे, एवढंच.

त्या दिवसापासून मी माझी खाट तिच्या खोलीत नेली. वाटलं, सोबत होईल. दोन-तीन दिवसांनी तिनंच ती उचलून परत माझ्या खोलीत टाकली.

"काय झालं बाई?"

"तुले पडल्यापडल्या झोप लागते. मंग मी एकटीच जागी राह्यते. त्यापेक्षा कूड बरा."

उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी बदली झाली, थेट सिरोंच्याकडे. मी निघाले त्या सकाळी ती घरात नव्हती. वनमजूर म्हणाला, बाई मोह वेचायला गेली असेल. मी गाडी येईपर्यंत वाट पाहिली. ती कोणत्या बाजूनं येईल याचा अंदाज कुणालाच नसायचा, म्हणून मी चारही बाजूंना बघत राहिले. ती आली नाही.

त्याच पावसाळ्यात कळलं की गावाच्या त्या टोकाला वाघीण पिल्लं घेऊन फिरते आहे, आणि मुलगा येऊन बाईला बल्लारपूरला घेऊन गेला. तो तिथे कागदाच्या गिरणीत ठेकेदाराकडे कामाला आहे. मला बरं वाटलं. भरलेलं घर, नातवंडं, रस्त्यावर दिवे. आता तिला झोप लागत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढे सुटीत भद्रावतीला जाताना मी बल्लारपूरला उतरले. पत्ता शोधत गेले. रुळांजवळच्या वस्तीत भाड्याचं घर. टीव्ही सुरू होता. सून दारात आली. चांगली बाई होती, दमलेली.

"आत्या मांगं बसल्या असतील. भिंतीपाशी. दिवसभर तिथीच राह्यते. जेवाले बोलवलं तरी येत नाई. तुमीच सांगा काही."

घरामागे एक लांब भिंत होती, पलीकडे रेल्वेची जागा. भिंतीला एक भगदाड पडलं होतं, माणूस तिरका होऊन जाईल एवढं. कडा लोकांच्या अंगांनी घासून गुळगुळीत झाल्या होत्या. त्याच्या बाजूला, जरा हटून, सावलीत पोतं टाकून ती बसली होती. जवळ मातीचा माठ आणि लोटा. ती वाळली होती. मला पाहून चेहऱ्यावर फार काही उमटलं नाही.

"आलीस? बस. इकडं नको, तिकडं बस. वाट अडवू नको."

मी बसले. "बाई, इथे काऊन बसता एकट्या?"

"पाह्य ना." तिनं हनुवटीनं जमीन दाखवली. भगदाडाच्या दोन्ही बाजूंना पायवाट चोपली होती. "ड्यूटीवाले जाते इथून. येते बी इथूनच. एवढा मोठा रस्ता बांधला सरकारनं तिकडं. कोनी जात नाई."

"मग? बोलतात का कोणी?"

"समद्याइले घाई असते." ती माठावरचं झाकण नीट करत राहिली. "घरात समदे टीव्ही पायते. मी बोलली का आवाज वाढवते. इथी एक जन थांबते. पाय जरा ओढत चालते. पानी पेते. बसते थोडा वेळ."

"कोण आहे?"

"का मालूम? नाव नाई इचारलं. इचारलं तर बुजन."

ऊन उतरायला लागलं तशी माणसं येऊ लागली. डबे, सायकली हातात धरून तिरक्या केलेल्या, तोंडावर रुमाल. कुणी "काय बाई" म्हणून पुढे जायचं, कुणी तेही नाही. ती कुणाकडेच बघत नव्हती. पण प्रत्येक पायाचा आवाज ती ऐकत होती हे मला कळत होतं.

अचानक तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू जा आता."

"थांबते ना बाई. माझी बस उशिरा आहे."

"जा म्हनते ना. तू नवीन हायेस इथी. नवीन काही दिसलं का तो थांबनार नाई."

मी उठले. पाया पडले, तर तिनं पाठीवरून हात फिरवला, पण तिचं लक्ष भगदाडाकडे होतं. मी वस्तीच्या पलीकडच्या टपरीवर जाऊन उभी राहिले आणि चहा सांगितला. तिथून ती दिसत होती.

बराच वेळ नुसते लोक येत राहिले. मग गर्दी विरळ झाली, आणि एक माणूस पाय ओढत भगदाडातून बाहेर आला. साधा, पन्नाशीचा, खांद्याला कापडी पिशवी. तो तिच्यासमोरून पुढे गेला. चार पावलं गेला. बाईनं मान वर केली नाही. ती दुसरीकडेच, रुळांच्या बाजूला बघत बसली होती, जणू तिला त्याचं काही घेणंदेणं नाही. तो थांबला. पिशवी खांद्यावरून उतरवली, मागे वळला आणि तिच्याजवळ उकिडवा बसला. तेव्हा कुठे तिनं लोटा उचलला.

ते काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत होती. एकदा तिनं तोंडावर पदर धरला. हसली असावी.

चहा केव्हाच गार झाला होता. ती एकदा माझ्याकडे बघेल म्हणून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. तिनं पाहिलं नाही. मग मी पाठ फिरवली आणि स्टँडकडे चालायला लागले.